मामा, माझे मारेकरी मरायलेत

जालन्याचा माझा भाचा मोबाईलवर 'मिडीव्हल टू : टोटल वॉर' खेळतो. मध्ययुगीन युरोपातलं एक राज्य घ्यायचं आणि टर्नमागून टर्न, म्हणजे आळीपाळीने डाव टाकत, सैन्य, व्यापारी, हेर, मारेकरी नकाशावर फिरवायचे, असा हा गेम. परवा रात्री त्याचा मेसेज आला : "मामा, मिलानचे व्यापारी माझ्या व्यापाऱ्यांना गिळायलेत. हंगेरीचा एक हेर शहरात शिरून दंगा करायलाय. पोपची ती जाळणारी माणसं तर रोज दारात उभी. सात मारेकरी केले, साती मेले. मारेकऱ्याचा उपयोग तरी काय असतो?"

मी हा गेम २००७ पासून खेळतोय. तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होतो. रूमवर चौघांत एक कॉम्प्युटर होता आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असायचं. लाईट जायच्या आत सेव्ह करायची सवय लागली ती आजही सुटलेली नाही. एवढ्या वर्षांत मारेकऱ्यांवर जितका पैसा उधळलाय तितका तटबंदीवरही नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

आधी मीच त्याला उलटा प्रश्न केला : पाठवलेस कुणावर? उत्तर आलं, पहिला हंगेरीच्या राजपुत्रावर, मग तीन इन्क्विझिटरवर, म्हणजे पोपच्या त्या जाळणाऱ्या माणसांवर, मग एका मुरलेल्या सरदारावर, असेच पुढे. काम जमण्याचा टक्का गेम किती दाखवत होता? "पाच, आठ, बारा, असा काहीतरी."

इथेच सगळं आलं. काल लंगोट बांधलेल्या पोराची कुस्ती थेट हिंदकेसरीशी लावायची आणि मग तालमीला नावं ठेवायची, असा हा प्रकार. सरासरी दहा टक्के धर. सात वेळा प्रयत्न केला तर साती फसण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के निघते. म्हणजे छापा-काट्याइतकी साधी गोष्ट घडली. नशीब फुटकं नव्हतं, लक्ष्य चुकीचं होतं.

या गेममध्ये हल्ल्याचा टक्का कधी पाचच्या खाली जात नाही आणि कधी पंच्याण्णवच्या वर जात नाही. ही दोन टोकं डोक्यात पक्की बसव. पाच टक्क्यांचं काम दहा वेळा केलंस तरी दहाही वेळा फसण्याची शक्यता साठ टक्के. आणि पंच्याण्णव टक्क्यांचा पट्टीचा मारेकरी वीस कामांना लावलास, तर वीसही निर्धोक पार पडण्याची शक्यता फक्त छत्तीस टक्के. कितीही मुरलेला असू दे, कधीतरी घसरतोच. घसरला म्हणजे मेलाच असं नाही, बऱ्याचदा निसटतो. पण पकडला गेला तर माणूसही जातो आणि कुणी पाठवला होता तेही कळतं, मग त्या राज्याशी असलेले संबंध बिघडतात. मित्राच्या मुलखात दहा टक्क्यांवर खेळायचं नाही ते याच्यासाठी.

आता नव्या मारेकऱ्याला काम काय द्यायचं? सगळ्यात बरा गिऱ्हाईक म्हणजे बंडखोरांचा कॅप्टन. बिननावाचा, बिनराजघराण्याचा माणूस, जो तुझ्या मुलखात रस्ता अडवून बसलेला असतो. त्याला मारून लढाईत काहीच फायदा नाही, दुसऱ्याच टर्नला त्याच सैन्यात नवा कॅप्टन उभा राहतो. पण शिकाऊ माणसाला हवंय ते हेच! एकच सैन्य आणि टर्नमागून टर्न नवं लक्ष्य. मी तर कधीकधी बंडखोरांची छोटी टोळी मुद्दाम जिवंत ठेवतो. घोडदळाने एका दुपारी साफ होईल अशी टोळी सरावाला दहा टर्न पुरते. बांधावरची बाभूळ तोडून टाकायला वेळ लागत नाही, पण सरपणाला कामाला येते म्हणून ठेवतातच ना, तसं. फक्त ती टोळी रस्त्यावर उभी राहून तुझा व्यापार खात नाही ना, एवढं बघ.

त्यानंतर वकील. हा गेम त्यांना डिप्लोमॅट म्हणतो, मी वकीलच म्हणतो. पेशवाईतही परदरबारी जाणारा तो वकीलच होता. शत्रूचे वकील नकाशावर बिनकामाचे भटकत असतात, आणि नव्या मारेकऱ्यालाही तीस-चाळीस टक्क्यांवर मिळून जातात. वकील मेल्याने शत्रूचं फारसं बिघडत नाही, पण मारेकऱ्याचं कसब वाढतं. मुलखात पाखंडी किंवा चेटकीण फिरत असेल तर तेही लक्ष्य होऊ शकतं. त्यांच्यावर पाद्री पाठवायची रीत आहे, पण कच्चा पाद्री पाठवलास तर तो स्वतःच पाखंडी होऊन बसण्याची भीती असते. मारेकरी फसला तर निदान धर्म तरी बदलत नाही.

एक खेळ जवळून सांगतो. व्हेनिस घेऊन खेळत होतो. व्हेनिसची अडचण अशी की उत्तरेला जर्मन सम्राट, पूर्वेला हंगेरी आणि बगलेत मिलान. मिलान म्हणजे हसत हसत तह करणार आणि पुढच्याच टर्नला वेढा घालणार. सुरुवातीला झाग्रेब बंडखोरांकडेच असतं, त्या बाजूला एक टोळी फिरत होती. मी एक मारेकरी तयार केला. गेमने त्याला काहीतरी इटालियन नाव दिलं होतं, आम्ही त्याला हणमंता म्हणायचो. पहिला कॅप्टन, अठ्ठेचाळीस टक्के : जमलं. दुसरा : फसला, पण निसटला. तिसरा, चौथा जमले. मग तो आल्प्सच्या घाटात नेऊन बसवला. सम्राटाचे किंवा मिलानचे वकील, पाद्री, व्यापारी जे कोणी ये-जा करायचे ते त्याच वाटेने. वर एक टेहळणी बुरूज बांधून ठेवला, म्हणजे येणारा दोन टर्न आधी दिसायचा. हणमंता त्या घाटात बारा-तेरा टर्न नुसता बसून राहिला आणि समोरून येणारा एकेक गारद करत गेला. वकील गेले, एक पाद्री गेला, दोन व्यापारी गेले. त्याला मी मिलानमध्ये नेलंच नाही. मिलानच त्याच्याकडे यायला लागलं.

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी आहे ना, शाळेच्या सहलीत टॉर्च बंद करून पोरांना घाबरवायचो ती, तिचं गणित हेच. शत्रूला शोधत हिंडायचं नाही. जिथून त्याला यावंच लागेल ती वाट एवढी अरुंद आणि काळोखी करून ठेवायची की तोच तुमच्या हातात येईल. गेमच्या नकाशावर अशा जागा ठरलेल्या आहेत : आल्प्सचे घाट, कॉन्स्टँटिनोपलजवळची (आजच्या इस्तंबूलजवळची) सामुद्रधुनी, फ्रान्स-स्पेनमधल्या पिरेनीज डोंगरांची दोन टोकं. मारेकरी तिथे ठेव. शत्रूच्या राजधानीत घुसवायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही होती, त्या हौसेत निम्मे मारेकरी गेले.

आता तुझ्या व्यापाऱ्यांचं. हे नीट समजून घे, कारण पैशाचं आहे. या गेममध्ये व्यापारी एखाद्या मालावर, रेशमावर, सोन्यावर, हस्तिदंतावर जाऊन उभा राहतो आणि दर टर्नला उत्पन्न देतो. राजधानीपासून जितका लांब तितकं उत्पन्न जास्त, म्हणून सगळे टिंबक्टूला पळतात. शत्रूचा जास्त हुशार व्यापारी आला की तो तुझ्या व्यापाऱ्याचा धंदाच बळकावतो आणि तुझा माणूस खेळातून बाद. मोंढ्यात नवा दांडगा आडत्या आला की जुन्या आडत्याची गादी कशी उठते, तसंच. यावर दोन इलाज आहेत. तुझा व्यापारी तगडा असेल आणि त्याचा टक्का साठच्या वर दिसत असेल, तर मारेकऱ्याला हात लावू नकोस. व्यापाऱ्यानेच व्यापाऱ्याला गिळू दे, त्यात पैसाही मिळतो आणि अनुभवही. टक्का कमी असेल तरच मारेकरी. आणि तो एकटा पाठवू नकोस. चाळीस टक्क्यांचे तीन जण एकाच टर्नला एकामागून एक लावलेस, तर त्यातला एकतरी यशस्वी होण्याची शक्यता अठ्ठ्याहत्तर टक्के. वेगवेगळ्या टर्नला लावलेस तर मधल्या काळात तो मिलानवाला तुझे दोन व्यापारी आणखी खाऊन बसेल. जागा मोकळी झाली की त्याच टर्नला तुझा व्यापारी तिथे बसव. रिकामी गादी एक रात्रही ठेवायची नसते.

हंगेरीच्या हेराचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. शहरात अशांतता वाढवणारा हेर तुला दिसतच नाही, म्हणून मारेकरी कितीही चांगला असला तरी काय मारणार, कपाळ? त्याला उघडं पाडायला तुझा स्वतःचा हेर लागतो. प्रत्येक सीमेवरच्या शहरात एक हेर कायमचा बसवून ठेव. तो आतला हेर पकडतोही, आणि बाहेर मोकळ्या रानात शत्रूचे हेर-मारेकरी जवळून जाऊ लागले तर दाखवतोही. दिसला की मग मारेकरी. हेर आणि मारेकरी जोडीनेच फिरवायचे, बैलजोडीसारखे. एक सुटला तर दुसरा औत ओढू शकत नाही. मी तर तीन हेरांमागे एक मारेकरी असं प्रमाण ठेवतो. नवे खेळाडू ते उलटं करतात, कारण मारेकऱ्याच्या कामाचा छोटा व्हिडिओ बघायला मजा येते. शंभर वेळा पाहिल्यावर तो बंद करून टाक, वेळ वाचतो.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही लागू आहे. तुझ्या राजावर कोणी मारेकरी सोडू नये असं वाटत असेल तर राजाच्या सैन्यात एक हेर घालून ठेव. समोरच्याचा टक्का लगेच घसरतो. शत्रूचा सरदार एकदम पंधरा टक्क्यांवर का आला असं कोडं पडलं, तर बहुतेक वेळा त्याच्याजवळ हेर असतो किंवा त्याच्या पदरी अंगरक्षक वाढलेले असतात.

गेम बनवणाऱ्यांनी हे हवेतून आणलेलं नाही. ज्यांच्यावरून मारेकऱ्यांचा हा सगळा प्रकार जगभर प्रसिद्ध झाला, ते निझारी इस्माइली, शिया पंथाची एक शाखा. हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये इराणच्या डोंगरातला अलमूत किल्ला घेतला, आणि दोनच वर्षांनी, १०९२ मध्ये, सेल्जुक तुर्कांचा वजीर निझाम-उल-मुल्क मारला गेला. मारणारा सूफी फकिराच्या वेषात आला होता असं सांगतात. ११९२ मध्ये आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरात माँफेराचा कॉनराड मारला गेला, नुकताच जेरुसलेमचा राजा म्हणून निवडला गेलेला. मारणारे दोघे साधूंच्या वेषात होते. ही यशाची बाजू झाली. पण याच लोकांनी पुढे जेरुसलेम जिंकणाऱ्या सुलतान सलाउद्दीनवर दोनदा प्रयत्न केले आणि दोन्ही फसले. पहिल्यांदा सीरियातल्या अलेप्पोच्या वेढ्यात, तेव्हा त्याच्याच छावणीतल्या एका अमीराने आलेल्यांना ओळखलं. दुसऱ्यांदा ११७६ मध्ये अझाझच्या वेढ्यात, तेव्हा कपड्यांखालच्या चिलखताने वाचवलं. आता हे दोन्ही प्रसंग गेमच्या भाषेत वाच : पहिल्यात छावणीत ओळखणारा माणूस होता, दुसऱ्यात स्वतःची सुरक्षा. नेमके तेच दोन आकडे तुझा टक्का खाली ओढतात. १२७२ मध्ये पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या अक्का शहरात इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड मारेकऱ्याच्या हल्ल्यात जखमी होऊन वाचला आणि पुढे राजा झाला. तुझा हंगेरीचा राजपुत्रही आता जिवंत राहून राजा होईल, तयारी ठेव.

आपल्याकडची गंमत त्याहून वेगळी. ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आपलं संभाजीनगर, तो जहांगीरच्या इतका डोळ्यात सलत होता की बादशहाने एक चित्रच काढून घेतलं : भाल्याच्या टोकावर अंबरचं शिर आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती लागलाच नाही, १६२६ मध्ये म्हातारा होऊनच गेला. पाच टक्के दिसत असताना मारेकरी पाठवायची खुमखुमी आली की मला ते चित्र आठवतं. या गेमच्या नकाशात हिंदुस्थान नाही, बगदादच्या आसपासच सगळं संपतं. नाहीतर देवगिरी घेऊन खेळलो असतो.

आता इन्क्विझिटर. त्याच्यावर तू तीन मारेकरी घालवलेस, मी एका खेळात सहा घालवलेत आणि वर युवराज जाळून घेतला तो वेगळाच. त्यानंतर शहाणा झालो. ही माणसं पोपची. त्यांच्यावर टक्का भिकार दिसतो, आणि मारलास तरी दुसरा येतो, कारण तो येण्याचं कारण तुझ्याच घरात असतं. पोपशी संबंध बिघडलेत का बघ. चर्च बांध, पाद्री वाढव, पोपने सांगितलेलं एखादं काम करून टाक, सरदारांची श्रद्धा वाढव. ताप उतरवायचा असेल तर मच्छर मारत बसून काय होणार, डबकं बुजव. एखादा फारच चिकटला आणि हाताशी मुरलेला मारेकरी असेल तर लाव, पण शिकाऊ पोरं त्याच्या तोंडी देऊ नकोस.

धर्माचंच निघालं म्हणून. शत्रूचे पाद्री किंवा इमाम तुझ्या मुलखात लोकांचा धर्म बदलत असतील, तर त्यांना मात्र सोडू नकोस. ते शांतपणे फिरतात म्हणून दुर्लक्ष होतं, आणि वीस टर्नांनी शहर बंड करून उठतं तेव्हा कळतं. कार्डिनलांचा, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरच्या पाद्र्यांचा, खेळ त्याहून चविष्ट. कार्डिनलांच्या जागा मोजक्याच असतात. दुसऱ्या राज्याचा कार्डिनल गेला की जागा मोकळी होते आणि तुझा चांगला पाद्री तिथे बसू शकतो, पुढे पोपच्या निवडणुकीत मतं तुझी. पण हे काम नव्वदच्या वरच्या माणसालाच द्यावं. राजकन्यांबद्दल एवढंच : शत्रूची राजकन्या तुझ्या सरदाराशी लग्न लावून त्याला फितवून नेऊ शकते. मुलखात दिसली तर घाटातल्या हणमंत्याला सांग, मला वाईट वाटत नाही.

आता मारेकऱ्यांचं गिल्ड, म्हणजे त्या धंद्याचा संघ. यशस्वी कामं होत गेली की एखाद्या दिवशी एखाद्या शहरात गिल्ड काढू का म्हणून विचारणा येते. एका शहरात एकच गिल्ड बसतं, म्हणून जिथून तू मारेकरी भरती करतोस त्या शहरात दुसरं कुठलं गिल्ड आधीच मान्य करून ठेवू नकोस. व्यापाऱ्यांचं गिल्ड मागायला आलं की हो म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, तिथे दात-ओठ खाऊन नाही म्हण. गिल्ड बसलं की नवा माणूस पहिल्या दिवसापासूनच थोडा तयार निघतो, म्हणजे कॅप्टन मारायचे पाच-सात टर्न वाचतात. सर्वात वरच्या पायरीचं मुख्यालय तर जगात एकच असतं, ते दुसऱ्याने आधी घेतलं तर गेलं.

सेव्ह करून फसलं की पुन्हा लोड करायचं, असं बरेच जण करतात. मी करत नाही. ते वाईट आहे म्हणून नाही, पण मग टक्का वाचायची सवयच लागत नाही. पाच टक्केही शेवटी जमतात, आणि माणूस म्हणतो बघा जमलं.

हणमंता कसा गेला ते राहिलंच. एक्क्याण्णव टक्के होते, समोर मिलानचा साधा वकील. फसला आणि पकडला गेला. मी दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो, रूमवरचे तिघे हसत होते. पण घाटात त्याच्यामागे दोन पोरं आधीच बसवलेली होती, एकजण पंचावन्नवर पोचलेला. पुढच्या टर्नला त्याने तो वकील उडवला. एकट्या मोठ्या मारेकऱ्यावर खेळ उभा करायचा नाही, हे मी तिथे शिकलो. आता कायम तीन ठेवतो : एक मुरलेला, एक मधला, एक कोरा.

तर आता तुझ्या नकाशावर हे कर. दोन नवे मारेकरी भरती कर, आणि राजपुत्राचं नावसुद्धा काढू नकोस. मुलखात बंडखोर असतील तर तिथे, नसतील तर भटक्या वकिलांवर. टक्का तीसच्या खाली दिसला तर त्या टर्नला नुसता बस. तोवर सीमेवरच्या दोन शहरांत दोन हेर. मिलानच्या व्यापाऱ्यांचं पाच-सहा टर्न सोसून घे, तुझे व्यापारी तेवढे दूरच्या मालावरून उचलून घरच्या मालावर आण. आणि टेहळणी बुरूज किती बांधलेस ते सांगितलं नाहीस. एकही नसेल, मला माहीत आहे. बांध.